टाके दिसत नाहीत म्हणून...

"कुठायत गं टाके? दाखव बरं!"

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मला बघायला आलेल्या मामेसासूबाईंनी टेकायच्या आधीच विचारलं. मी पदर जरा बाजूला केला. बेंबीत एक आणि ओटीपोटावर तीन, अशा चार छोट्या चिकटपट्ट्या. बस्स! मामी चक्क हिरमुसल्या. "एवढंच होय? आम्हाला वाटलं केवढं ऑपरेशन झालं. आमच्या वेळी वीतभर चिरायचे, बाई. याला काय होतंय? ऊठ, लाग कामाला." आणि हातातली फळांची पिशवी त्यांनी सरळ सासूबाईंकडे दिली, जणू काही मी आजारीच नव्हते.

खरं सांगू का मैत्रिणींनो, मला राग नाही आला. कारण मनातून मलाही तसंच वाटत होतं. चार भोकं तर पाडलीत, त्यात झोपून काय राहायचं! घरातले सगळे राबतायत आणि मी पलंगावर पडून टीव्ही बघतेय, याचीच लाज वाटत होती. त्या लाजेनंच घोळ केला. बाराव्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्याकडे मराठवाड्यात फेब्रुवारी सुरू झाला की पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, आलं की घरातल्या बाईच्या अंगात वारं शिरतं. हे ऑफिसला गेलेले, सासूबाईंची कंबर धरलेली. भरलेली घागर मी कमरेवर घेतली आणि बेंबीत कुणीतरी सुई टोचल्यासारखी कळ आली. संध्याकाळी पट्टी ओली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एस.टी., पुन्हा लातूर, पुन्हा डॉक्टर.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहानच असतील. पण अशा काही रागावल्या की बास. म्हणाल्या, "बाहेरचा टाका एक सेंटिमीटरचा आहे म्हणून आतलं काम पण एक सेंटिमीटरचं झालं, असं वाटलं का तुम्हाला? बेंबीखालचा पडदा अजून जुळतोय. जोर दिलात तर त्या भोकातून आतडं वर येऊ शकतं. मग हर्नियाचं ऑपरेशन करावं लागतं, ते वेगळं." माझं नशीब, तेवढं झालं नव्हतं. वरच्या वर जखम उसवली होती. पण त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आणि तीच सांगायला आज लिहायला बसलेय.

ही २०१९ ची गोष्ट. तेव्हा मी एकेचाळीसची होते. पाळीत पोट दुखणं मला नवीन नव्हतं, शाळेपासूनचंच. आई म्हणायची लग्न झालं की थांबेल, सासूबाई म्हणायच्या मूल झालं की थांबेल. दोन मुलं झाली, थांबलं नाही. उलट पाळीच्या दिवसांत संडासला बसतानासुद्धा कळ यायची, आणि नवराबायकोच्या संबंधात दुखायचं ते वेगळंच. ते तर कुणाला सांगणार? बी.ए.ला मराठी साहित्य घेतलेली मी, बचतगटाच्या सभेत तास-तास बोलणारी मी, पण हे एक वाक्य यांच्याजवळ बोलायला मला अठरा वर्षं लागली.

सोनोग्राफीत डाव्या बीजकोशावर सहा सेंटिमीटरची गाठ निघाली. चॉकलेट सिस्ट! नाव ऐकून धाकटा हसला होता. प्रकार हसण्यासारखा नाही. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, दर महिन्याला गळून पडणारं, तसंच अस्तर काही बायकांना गर्भाशयाच्या बाहेर, बीजकोशावर, नळ्यांवर, आतड्यावरही वाढतं. पाळीच्या वेळी तेही पाझरतं. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. ते तिथंच साठतं, जुनं होतं, घट्ट तपकिरी होतं. म्हणून चॉकलेट. आजूबाजूचं सगळं त्यानं चिकटत जातं आणि म्हणून दुखतं. या दुखण्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. 'बाईच्या जातीला सोसावंच लागतं' यातलं हे दुखणं नव्हे, हे मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आधी ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी रक्ताची सीए-१२५ नावाची तपासणी केली. आकडा वाढलेला आला. "कॅन्सरचं मार्कर आहे. दोन मुलं झालीत ना? मग गर्भाशय, दोन्ही बीजकोश, सगळं काढून टाकू. दुर्बिणीतून. कळणारपण नाही तुम्हाला." घरी येऊन मी देवघरासमोर बसून रडले. मग यांनीच म्हटलं, आपण साधा फ्रीज घेताना चार दुकानं फिरतो, इथं एकदा तरी दुसऱ्या डॉक्टरला विचारू. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि पहिलं वाक्य काय म्हणाल्या, "घाबरू नका, हा आकडा चॉकलेट सिस्टमध्येपण वाढतो." सोनोग्राफीत गाठीचं रूप साधं होतं. गाठ तेवढी सोलून काढू, बीजकोश ठेवू, गर्भाशयाला हात लावायचं कारण नाही, असं त्यांचं मत पडलं. पाळी जायच्या आधी दोन्ही बीजकोश काढले तर पाळी एका रात्रीत जाते. गरम वाफा, झोप उडणं सुरू होतं, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोकाही वाढतो. "कळणारपण नाही" म्हणे!

आता हे दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे नेमकं काय, ते मला जसं समजावलं तसं सांगते. पूर्ण भूल देतात. कमरेत सुई देऊन भागत नाही, कारण पोटात वायू भरायचा असतो आणि डोक्याकडची बाजू खाली करून झोपवायचं असतं. म्हणजे आतडी वर सरकतात आणि ओटीपोट मोकळं दिसतं. बेंबीतून कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुग्यासारखं फुगवतात. तिथूनच सेंटिमीटरभर जाडीची नळी आत जाते, तिला दिवा आणि कॅमेरा. बाजूच्या अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरच्या भोकांतून कात्री, चिमटे, रक्तवाहिन्या डागायची हत्यारं. डॉक्टरांचं लक्ष पोटाकडे नसतंच, समोरच्या पडद्याकडे असतं. माझं शूटिंग मला नंतर दाखवलं. मैत्रिणींनो, आपण जन्मभर ज्या देहात राहतो तो आतून इतका देखणा असतो हे मला माहीत नव्हतं. यकृत तर धुतलेल्या वांग्यासारखं चकाकत होतं! आणि डावीकडे ती घाणेरडी गाठ, आतड्याला बिलगून बसलेली. ती सोडवायलाच तासभर गेला म्हणे.

शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा दुखला तो उजवा खांदा. मला वाटलं नर्सनं हात पिरगाळला की काय. पण तो पोटात उरलेल्या वायूचा प्रताप. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला तो डिवचतो आणि त्या पडद्याची आणि खांद्याची नस एकच, म्हणून कळ खांद्यात. चालायला लागलं की दोन-तीन दिवसांत जातो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर रात्रभर "हार्ट अटॅक तर नाही ना" म्हणून जागले नसते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चालत घरी आले. पोट उघडून ऑपरेशन झालेली माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई तेव्हा कुशीवर वळायलाही नर्सला हाक मारत होती. तेव्हा दुर्बिणीचे गुण मी गाणारच. रक्त कमी जातं, दुखतं कमी, जखम पिकायचं भय कमी, घरी लवकर. हे सगळं खरं आहे. फक्त 'लवकर घरी' म्हणजे 'लवकर घागरीखाली' नव्हे.

आपल्या आयांना ही दुर्बीण माहीत होती बरं का, पण वेगळ्या नावानं. 'बिनटाक्याचं ऑपरेशन'! कुटुंब नियोजनाच्या शिबिरात बायकांना रांगेनं झोपवायचे, दुर्बिणीतून दोन्ही नळ्यांवर रिंगा चढवायच्या, संध्याकाळी जीपमधून घरी. माझ्या आईचं असंच झालेलं. ती सांगते, दुसऱ्या दिवशी ती शेतात होती. आपल्याकडे दुर्बिणीबद्दलचा हा जो 'काही नाही हो त्यात' असा समज आहे ना, त्याचं मूळ मला तर त्या शिबिरांत दिसतं. आणि तेही काही नाही असं नव्हतंच. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडला बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच सर्जननं काही तासांत ८३ बायकांच्या दुर्बिणीनं नसबंद्या उरकल्या. त्यातल्या तेरा जणी गेल्या. औषधात विष होतं की हत्यारं नीट धुतली नव्हती, यावर वाद झाले. त्या बायकांच्या पोटावरही टाके दिसले नसतील. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

एक गंमत मात्र वाचण्यात आली. आज पित्ताशय, अपेंडिक्स सगळंच दुर्बिणीतून होतं, पण ही वाट मोठ्या प्रमाणात पाडली ती बायकांच्या डॉक्टरांनी. १९७८ साली जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तिच्यासाठी आईच्या पोटातून बीज काढलं ते पॅट्रिक स्टेप्टो यांनी दुर्बिणीतूनच. १९८० मध्ये जर्मनीतल्या कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञानं दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा तिथल्या सर्जन मंडळींनी त्याला वेड्यात काढलं होतं! १९८८ मध्ये अमेरिकेत हॅरी राइश यांनी पहिल्यांदा गर्भाशय या पद्धतीनं काढलं. आपल्याकडे मुंबईच्या जे.जे.मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडियांनी १९९० मध्ये पित्ताशय काढलं आणि पुढं हे लोण गावोगाव गेलं. आणि २०१७ च्या मे महिन्यात पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या चमूनं देशातलं पहिलं गर्भाशय रोपण केलं, तेव्हा आईच्या पोटातून लेकीसाठी गर्भाशय काढलं तेही दुर्बिणीनंच. पुढच्या वर्षी त्या लेकीला मुलगी झाली. एका दुर्बिणीतून गर्भाशय देताही येतं आणि नेताही येतं. म्हणून दुर्बीण कुणाच्या हातात आहे आणि कशासाठी, हे बघायचं.

आता आमच्या गटातल्या एका बाईची गोष्ट. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. वय बत्तीस. दोन मुलं, बाविसाव्या वर्षीच ते बिनटाक्याचं झालेलं. आमचा बीड जिल्हा म्हणजे ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमाराला निम्मी गावं कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी दंड. तिथं पाळी, पांढरं पाणी, कंबरदुखी याला जागाच नाही. उसाच्या फडात ना आडोसा, ना पाणी. कापड धुवायचं कुठं, वाळवायचं कुठं?

तर दसऱ्याआधी ती माझ्याकडे फाइल घेऊन आली. "ताई, डॉक्टर म्हनले पिशवीला सूज हाय, जखम हाय, ठिवली तर कॅन्सर हुईल. दुर्बिणीतून काढतो म्हनले. टाका न्हाई, चिरा न्हाई, पंधरा दिवसांत मोळी उचलशील. चाळीस हजार सांगितलेत. मुकादम देतो म्हनलाय उचलीतून."

बघा हं, कसं जमून आलंय. डॉक्टर तयार, मुकादम तयार, नवरा तयार. आणि तीही तयार! पाळीची कटकट एकदाची जाईल म्हणून. पोट चिरायचं असतं तर ती घाबरली असती, थोडी थांबली असती, माहेरी विचारलं असतं. 'टाका नाही' या दोन शब्दांनी तिची भीती काढून घेतली आणि भीतीबरोबर विचारही.

हे तिच्या एकटीचं नव्हतं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढलेल्या पिशव्यांची बातमी देशभर गाजली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे सहातली एक! त्यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना, गरज नसताना गर्भाशय काढणं रोखण्याचे केंद्राचे नियम तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. नियम कागदावर आले. पण फाइल घेऊन उंबऱ्यात उभ्या असलेल्या बाईला ते कोण वाचून दाखवणार?

मी तिला घेऊन अंबाजोगाईला गेले, सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. दोन चकरा झाल्या, एका चकरेत तर नुसतं रांगेत बसून परत यायची वेळ आली होती. पण तपासणी झाली ती नीट. आतून बघितलं, स्रावाचा नमुना घेतला. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पाणी लावून डाग उठतो का तेही बघितलं. कॅन्सरच्या आधीची खूण त्यात दिसते. डाग नव्हता. होतं काय, तर जंतुसंसर्ग. साध्या गोळ्यांनी बरा होणारा. आणि रक्त ७.८, म्हणून थकवा. गोळ्या दिल्या त्या दोघांना, नवऱ्यालाही. कारण हा संसर्ग एकानं गोळ्या घेऊन जात नाही, दुसऱ्याकडून परत येतो. नवरा म्हणतो कसा, "मला काय धाड भरलीय?" मग आमच्या यांनी त्याला चहाला नेलं आणि काय समजावलं ते समजावलं. मी विचारलं नाही. गोळ्या त्यानं घेतल्या एवढं खरं.

म्हणजे गर्भाशय कधी काढूच नये का? असं मुळीच नाही. कॅन्सर असेल, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव असेल, गाठींनी पोट भरलं असेल, तर काढावंच लागतं आणि काढल्यावर सुखही लागतं. माझ्या थोरल्या जाऊबाईंचंच बघा. पाळीत चादरी भिजायच्या, फायब्रॉइडच्या गाठींनी गर्भाशय चार महिन्यांच्या गरोदर बाईएवढं झालेलं. त्यांना आधी गोळ्या दिल्या, मग हार्मोनची तांबी बसवून बघितली. ती गाठींमुळे टिकली नाही. तेव्हा कुठे ऑपरेशन ठरलं, दुर्बिणीतून. त्यांची आधीची दोन सिझर. डॉक्टरांनी सही घेताना सांगितलं होतं, आत चिकटलेलं असेल तर पोट उघडावं लागेल. आणि तसंच झालं. मूत्राशय जुन्या व्रणाला घट्ट चिकटलेलं होतं. जाऊबाई जाग्या झाल्या त्या मोठ्या पट्टीसह. "मला फसवलं" म्हणून दोन दिवस जेवल्या नाहीत. पण मला विचाराल तर तो डॉक्टर शहाणा. हट्टानं दुर्बीणच चालवत बसला असता तर मूत्राशयाला भोक पडलं असतं. ज्याला पोट उघडायची लाज वाटते, त्याच्या हातात दुर्बीणही नको.

एक राहिलंच. ज्यांचं अंग बाहेर येतं, त्यांचं गर्भाशय खालून, योनिमार्गानं काढतात. पोटावर एकही भोक नाही. ही जुनी पद्धत, पण तज्ज्ञांच्या संघटना आजही सांगतात की जमत असेल तिथं हीच पहिली. तिला दुर्बिणीचा झगमगाट नाही म्हणून आपल्याला ती 'गावठी' वाटते. तसंच गर्भाशयाच्या पोकळीत वाढलेली छोटी गाठ किंवा मोड खालून दुर्बीण घालून काढतात, त्यालाही पोटावर भोक लागत नाही. तेव्हा 'दुर्बिणीतून' हा एकच शब्द ऐकून मान हलवू नका, कुठून घालणार तेही विचारा.

आता मी कुणाबरोबर दवाखान्यात गेले की जवळ एक जुनी लग्नपत्रिका असते, पाठीमागे कोरी. त्यावर आदल्या रात्री प्रश्न लिहायचे, कारण डॉक्टरांसमोर गेलं की आपल्याला काहीच आठवत नाही. मला नेमकं झालंय काय, त्याचं नाव काय? गोळ्यांनी, इंजेक्शननं, तांबीनं भागेल का? काय काढणार आणि काय ठेवणार, बीजकोश ठेवणार ना? गाठ मोठी असेल तर ती तुकडे करून काढणार की पिशवीत घालून? हा प्रश्न वरवर खुळा वाटेल. पण गाठ पोटात उघडीच दळून काढली आणि तिच्यात न दिसलेला कॅन्सर असला तर तो पसरतो, म्हणून २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा यंत्राबद्दल इशारा दिला होता. भूल द्यायला भूलतज्ज्ञ येणार का? काढलेला भाग तपासायला पाठवणार ना? तो रिपोर्ट स्वतःकडे ठेवायचा, लॅमिनेट करून नव्हे, पण रेशनकार्डाइतका जपून. आणि पैशांचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, ते योजनेतल्या दवाखान्यात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारायचं, सावकाराला नंतर. एखादे डॉक्टर चिडतात प्रश्न ऐकून. माझा अनुभव असा की चांगले चिडत नाहीत, खुर्ची पुढे ओढतात.

घरी आल्यावर दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. ते वाढत चाललं, ताप आला, पोट फुगून कडक झालं, उलट्या थांबेनात, लघवी अडली किंवा नकळत गळायला लागली, खालून जास्त रक्त किंवा घाण वासाचं पाणी गेलं, तर 'चारच तर भोकं आहेत' म्हणत बसू नका. आतड्याला किंवा लघवीच्या नळीला इजा झाली असेल तर ती कधीकधी चार-आठ दिवसांनी अशी बोलते. त्याच रात्री निघायचं. आणि गर्भाशय काढलेलं असेल तर सहा आठवडे जड उचलणं नाही, नवराबायकोचा संबंध नाही. गर्भाशय काढल्यावर योनीच्या टोकाला आतून टाके घातलेले असतात. ते कुणालाच दिसत नाहीत, मामेसासूबाईंनाही नाही. हे शेवटचं वाक्य डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडूनच नवऱ्यासमोर वदवून घ्यायचं. आपण सांगितलं तर ऐकतीलच असं नाही. जाऊबाईंच्या वेळी मी हेच केलं. भाऊजींनी दीड महिना पाणी भरलं, आणि गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं भरलं!

आमच्या गटातली ती बाई गेल्या हंगामात तोडीला गेली ती गर्भाशयासकट. जाताना मी लोहाच्या गोळ्यांचं पाकीट आणि कापडी पॅडची पिशवी दिली. मध्ये एकदा मुकादमाच्या फोनवरून बोलली, पांढरं पाणी थांबलंय म्हणाली, पाळीत अजून जास्त जातं पण पूर्वीसारखं नाही. गुढीपाडव्याच्या आधी ती परतली. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर, पाठीमागे तोंडावर पदर घेतलेली एक पोरगी. तिची नणंद, सव्वीस वर्षांची. तिनं बगलेतून एक फाइल काढली आणि माझ्यापुढं धरली.

"ताई, हिला पन दुर्बिनीचंच सांगितलंय. अंबाजोगाईची गाडी किती वाजता हाय?"